शेजारचे आजोबा गेले, अंत्यविधी २४ दिवसांनी आहे. तोपर्यंत आजींकडे जायचं की नाही? (स्वीडन)

सांगलीची_लेक

नमस्कार सगळ्यांना. मी स्वीडनमधे वेस्टेरोसला राहते, चार वर्षं झाली. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी-आजोबा राहायचे, दोघंही ऐंशीच्या पुढचे. मागच्या मंगळवारी आजोबा गेले. मला कळलं ते शुक्रवारी, तेही बिल्डिंगच्या कपडे धुवायच्या खोलीत. आजी चादरींच्या घड्या घालत होत्या, मी नेहमीसारखं आजोबा कसे आहेत विचारलं तर म्हणाल्या, तो मंगळवारी गेला. हात थांबले नाहीत त्यांचे. मला एक शब्द सुचेना, मग मी चादरीचं दुसरं टोक धरलं आणि दोघींनी मिळून उरलेल्या घड्या घातल्या.

अंत्यविधी पुढच्या महिन्यात आहे, २४ दिवसांनी. यायचं असेल तर अंत्यविधीचं बघणाऱ्या कंपनीला अमुक तारखेच्या आत कळवायचं म्हणाल्या, कारण नंतर कॉफी असते आणि किती माणसं ते त्यांना आधी लागतं.

आमच्याकडे सांगलीला कुणी गेलं तर गल्लीतली माणसं निरोपाची वाट बघत बसत नाहीत. त्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारून पिठलंभात येतो, बायका येऊन नुसत्या शेजारी बसतात, सावडायला कोण, दहाव्याला कोण हे विचारावं लागत नाही. माझे बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली, मी इथून पोचले तिसऱ्या दिवशी रात्री, सावडून झालेलं होतं, त्यांचा चेहरा मला दिसला नाही, पण घर माणसांनी भरलेलं होतं आणि मला रडायला मांडी होती. इथे आजींच्या दारात इतक्या दिवसांत मी कुणी आलेलं बघितलं नाही.

तर आत्ता जावं का? काही शिजवून न्यावं का? काय बोलतात इथे? आणि मनातला खरा प्रश्न म्हणजे ही माणसं दुःख ठेवतात कुठे? फक्त स्वीडनचं नाही, बाकी देशांत जे बरीच वर्षं आहेत त्यांनीही सांगा, मला खरंच समजून घ्यायचंय.

उत्तरेकडचा

मी स्वीडनमधेच, उपसालाला, २६ वर्षं आहे. पहिल्यांदा तुझ्या प्रश्नांची उत्तरं देतो. आत्ताच जा. मात्र आपल्यासारखं जाऊन दोन तास बसू नकोस, बेल वाजव, दारातच म्हण "बेक्लागार सोर्येन". इथे हेच म्हणतात, तुमच्या दुःखात मी आहे असा त्याचा अर्थ धर. आत बोलावलं तर जा, नाही बोलावलं तर वाईट वाटून घेऊ नकोस आणि आठवड्याने परत बेल वाजव. जेवण ने, थोडंच, आणि डबा परत द्यायचा नाही असं सांगून ने.

२४ दिवस तुला फार वाटतायत पण इथे ते अगदी नेहमीचं आहे. कायद्याने एका महिन्याच्या आत दफन किंवा दहन व्हायला लागतं, २०१२ च्या आधी तर दोन महिन्यांची मुदत होती. कळवून यायचं हेही नेहमीचंच, त्यात तुला लांब ठेवायचा हेतू नाहीये. कपडे काळे किंवा गडद. पुरुषांत पांढरा टाय फक्त घरच्यांनी लावायचा अशी जुनी पद्धत आहे, तुझा नवरा बरोबर येणार असेल तर त्याला काळा लाव. पेपरात मृत्यूची छोटी जाहिरात येईल ती नीट वाच, कधीकधी त्यात फिकट रंगाचे कपडे घालून या असं गेलेल्या माणसानेच सांगून ठेवलेलं असतं. त्या जाहिरातीवर पूर्वी बहुतेक क्रॉस असायचा, आता होडी, पक्षी, फूल, काहीही असतं, घरची माणसं त्यावर बराच विचार करतात.

दुःख कुठे ठेवतात विचारलंस. माझ्या मते ते तुला त्या दिवशी चर्चमधे दिसेल. शवपेटी मध्यभागी ठेवलेली असते आणि शेवटी एकेक जण हातात एक फूल घेऊन पेटीपाशी जातो, थांबतो, हवं तर हळू आवाजात बोलतो, फूल ठेवतो, मान लववतो. मी पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा माझ्या साहेबाची बायको वारली होती. ऑफिसात कधी आवाज न चढवणारा, कधी मोठ्याने हसलेला न बघितलेला माणूस, त्याने पेटीवर तळहात ठेवला आणि तसाच उभा राहिला, दोन मिनिटं, पाच मिनिटं, माहीत नाही, मागे चाळीस माणसं फुलं घेऊन रांगेत आणि एकानेही पाय हलवला नाही. ती शांतता सगळ्यांनी मिळून धरलेली होती. आपल्याकडच्या हंबरड्याइतकंच ते अंगावर येतं.

एक गोष्ट मात्र मला पहिली काही वर्षं निष्ठुर वाटायची. इथे ऐंशी टक्क्यांच्या वर दहन होतं आणि बरेच जण मिन्नेसलुंड निवडतात, म्हणजे स्मशानातला राखीव बगीचा, तिथे रक्षा पुरतात ती तिथले कर्मचारी, घरचं कुणी नसताना, आणि नेमकी जागा कुणालाच सांगत नाहीत. नाव नाही, दगड नाही. मला वाटायचं बापाची जागा माहीत नाही म्हणजे काय. मग एका वर्षी ऑल सेंट्सच्या शनिवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेल्यांची आठवण काढायचा दिवस असतो तेव्हा, स्टॉकहोमच्या स्कोग्स्शिर्कोगोर्डेनला गेलो. पाइनच्या जंगलातलं स्मशान आहे ते, आस्प्लुंड आणि लेवेरेंत्स या दोन वास्तुविशारदांनी केलेलं, १९९४ ला जागतिक वारशात गेलं. चार वाजता अंधार, आणि जंगलभर मेणबत्त्या, हजारोंनी, आणि मिन्नेसलुंडाच्या कडेला माणसं लहान पोरांना कडेवर घेऊन दिवे लावतायत, कुणाचा दिवा कुणासाठी हे कळत नाही आणि कुणाला त्याची अडचणही नाही. तू त्या शनिवारी आजींबरोबर जा. हे मी अगदी आग्रहाने सांगतो.

गॉलवेची_नर्स

आमच्या आयर्लंडमधे याच्या बरोब्बर उलट! इथे गेल्या गेल्या घर उघडं. त्याला वेक म्हणतात. माणूस पेटीत, पेटी उघडी, आणि ती त्याच्याच घरात पुढच्या खोलीत, आणि अख्खं गाव येऊन जातं. जुन्या घरांत अजून घड्याळ थांबवतात, आरसे झाकतात, खिडकी उघडतात. तुम्ही आत शिरलात की घरच्या प्रत्येकाशी हात मिळवायचा, "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणायचं, पेटीपाशी क्षणभर थांबायचं (बरेच जण कपाळाला किंवा हाताला हात लावतात) आणि मग स्वयंपाकघरात, तिथे चहा आणि हॅम सँडविच आणि शेजारणी भांडी घासतायत, घरच्या बाईला कुणी उठूसुद्धा देत नाही. आणि मेलेल्या माणसाच्या गोष्टी, त्याने ट्रॅक्टर कसा खड्ड्यात घातला वगैरे, लोक हसतात, पेटीच्या शेजारच्या खोलीत हसतात आणि तो अपमान नसतो. रात्रभर कुणीतरी जागं असतं त्याच्यापाशी, एकटं ठेवत नाहीत.

कळतं कसं? लोकल रेडिओवर मृत्यूच्या बातम्या रोज वाचतात आणि २००५ पासून आर आय पी डॉट आय ई ही साइट आहे, आमच्या वॉर्डातल्या मावश्या सकाळी आधी ती बघतात मग हवामान. ओळख थोडीशी असली तरी जायचं असतं. माझ्या सहकारिणीचे वडील गेले तेव्हा मी त्यांना कधी भेटलेले नव्हते तरी वॉर्डातल्या सगळ्याजणी दोन गाड्या करून ९० किलोमीटर गेलो, पाच मिनिटं हात मिळवला, चहा घेतला, परत. तिने नंतर कितीतरी महिने ते काढलं, की तुम्ही आलात. साधारण तिसऱ्या दिवशी दफन. पश्चिमेच्या खेड्यांत अजून शेजारीच खड्डा खणतात. महिन्याने मंथ्स माइंड म्हणून चर्चमधे प्रार्थना असते, आपल्या मासिकासारखी.

पूर्वी बायका पेटीपाशी गुण गाऊन रडायच्या, कीनिंग म्हणतात त्याला, चर्चने विरोध करकरून ते बंद पाडलं. हे मला कळलं तेव्हा आमच्या गावच्या आत्याबाई आठवल्या, मयताच्या घरी शिरतानाच सूर लावायच्या आणि त्या सुरात गेलेल्याचा सगळा जन्म सांगायच्या.

सोअरकाठ

वाचून थांबावं म्हणलं होतं पण लिहिते. मी इंग्लंडमधे लेस्टरला असते. माझे मिस्टर चार वर्षांपूर्वी गेले, अचानक. वर दोघांनी छान लिहिलंय पण एकटेपणाही खरा आहे, तो सांगायला हवा.

इथे मला १९ दिवस थांबावं लागलं. १९ दिवस ते शीतगृहात, आणि मी रोज अंत्यविधीच्या कंपनीचं ऑफिस उघडायच्या वेळेला फोन करायचे की भेटू का, मग एका छोट्या खोलीत त्यांना आणून ठेवायचे. सुतक धरायचं तर कधीपासून, दिवस मोजायचे कुठून, गुरुजींनी सांगितलं ते केलं पण माझं मन काही मोजायला तयार नव्हतं. क्रेमेटोरियममधे ४० मिनिटं मिळतात, तुमच्या आधीचे लोक एका दाराने बाहेर पडत असतात आणि पुढचे बाहेर गाड्यांत बसलेले असतात. मुलाने आत जाऊन भट्टीपाशी उभं राहून बटण दाबलं, तेवढी सोय बहुतेक ठिकाणी करतात, आधी मागून घ्यावी लागते. रक्षा सोअर नदीत सोडली.

पण मला सांगायचंय ते नंतरचं. कामावर परत गेले तर लोक कॉरिडॉरमधे वळून दुसरीकडे जायचे. वाईट माणसं नव्हती हो ती, काय बोलावं कळत नव्हतं. माझी शेजारीण म्हणाली की तिच्या आजीच्या आजीच्या काळात असं नव्हतं, विधवेने दोन वर्षं काळं नेसायचं, मग हळूहळू जांभळा, करडा, कपड्यावरून समोरच्याला कळायचं की हिच्याशी जरा जपून बोलायचंय. व्हिक्टोरिया राणीने तर नवरा आल्बर्ट १८६१ ला गेल्यावर मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४० वर्षं काळं सोडलं नाही. मग पहिलं महायुद्ध झालं, इतक्या घरांत इतकी पोरं गेली आणि त्यांचे देह परत आणायचे नाहीत असं सरकारने ठरवलं, मग कुणी एकटीने काळं नेसून मिरवणं लोकांना जड वाटायला लागलं. त्याऐवजी १९१९ पासून ११ नोव्हेंबरला सगळ्या देशाने दोन मिनिटं गप्प उभं राहायचं. ती दोन मिनिटं मी दरवर्षी पाळते, दुकानात पैसे द्यायची रांगसुद्धा थांबते, आणि मला त्यात रडू येतं. पण घरातल्या घरात मेलेल्या साध्या माणसासाठी काहीच खूण उरली नाही. मला कितीदा वाटलं की मी काळं नेसलेलं असतं आणि लोकांना कळलं असतं तर बरं झालं असतं. आपल्याकडे पांढरं कपाळ बाईवर लादलं ते मला मान्य नाही, कधीच नव्हतं. पण लादणं वेगळं आणि आपणहून खूण बाळगायची मुभा असणं वेगळं.

एक जण होता, आमच्या रस्त्यावरचा, ज्याचं पूर्ण नाव मला तेव्हा माहीत नव्हतं. दर गुरुवारी रात्री तो माझा कचऱ्याचा डबा बाहेर काढून ठेवायचा आणि शुक्रवारी आत. सात महिने. एक शब्द बोलला नाही त्याबद्दल.

तू आजींकडे जा ग बाळा.

श्टुटगार्टवाला

थोडक्यात जर्मनीचं. काळ्या कडेचं कार्ड देतात, आत बरेचदा पैसे घालतात फुलांसाठी. दफनानंतर कॉफी आणि श्ट्रॉइसेलकूखेन, म्हणजे वर साखर-मैद्याचा चुरा असलेला केक, इतका ठरलेला की त्याला मयताचा केकच म्हणतात. आणि एक जे आपल्याला पचत नाही, कबर भाड्याने असते, साधारण २० ते २५ वर्षं. मुदत संपली की वाढवा नाहीतर दगड काढतात आणि जागा दुसऱ्याला. पण तोवर ती कबर घरच्यांनी अंगणासारखी सांभाळायची असते. माझी घरमालकीण दर शनिवारी झारी घेऊन नवऱ्याच्या कबरीवर जाते, पॅन्सी लावते, वाळकी पानं काढते. रक्षा घरी ठेवायला कायद्याने बहुतेक राज्यांत बंदी आहे, ब्रेमेनने २०१५ ला थोडं सैल केलं. रक्षा गंगेला न्यायची असेल तर कागदपत्रं किती लागतील हे इथल्या आपल्या मंडळींनी जिवंतपणीच विचारून ठेवावं.

ओहायोकर

अमेरिकेत देह दाखवतात, आणि औषध भरून, रंगरंगोटी करून दाखवतात. ही पद्धत फोफावली ती १८६१ ते ६५ च्या यादवी युद्धात, उत्तरेचे सैनिक दक्षिणेत मरायचे आणि आईबापांना पोरगं घरी हवं असायचं. मग १८६५ ला लिंकनचा देह रेल्वेने वॉशिंग्टनहून इलिनॉयच्या स्प्रिंगफिल्डला नेला, जवळजवळ दोन आठवडे, शहरोशहरी थांबत, लाखो लोकांनी तोंड बघितलं. तेव्हापासून लोकांच्या मनात ते बसलं. हा मोठा धंदाही आहे, १९८४ पासून सरकारचा नियम आहे की विचारणाऱ्याला दरपत्रक द्यायलाच हवं, त्याआधी दुःखातल्या माणसाला काहीही गळ्यात मारायचे.

मला हे अजिबात आवडायचं नाही. एकदा टीममधल्या एकाच्या आईच्या व्ह्यूइंगला गेलो, ओठांना लिपस्टिक लावलेली, गालावर पावडर, मला बघवेना. तेवढ्यात तो पुढे झाला आणि आईचा चष्मा जरा तिरका बसला होता तो त्याने सरळ केला. सांगलीताई, तुम्ही लिहिलंत ना की बाबांचा चेहरा दिसला नाही, ते वाचून मला तो चष्मा आठवला. आता मी नाक मुरडत नाही.

पण सगळी अमेरिका अशी नाही. न्यू ऑर्लीन्सला ब्लॅक समाजात बँड असतो, जाताना पावलं ओढत संथ भजनं, आणि देहाचा निरोप घेतला की ढोल मोकळा होतो, तुताऱ्या चढतात आणि मागे चालणारी माणसं छत्र्या, रुमाल उडवत नाचतात. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला भजन करत, गुलाल उधळत नेतात ते ज्याने बघितलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

मेलबर्न_मनीषा

इथे ग्रीक लोक खूप. आमच्या शेजारची यियाया (आजी) ४० व्या दिवशी चर्चला कोलिवा करून नेते, उकडलेले गहू, त्यात साखर, डाळिंबाचे दाणे, बदाम, बेदाणे. दाणा मातीत पडून मेल्याशिवाय पीक येत नाही असं त्यांच्या बायबलमधे आहे, ते त्या गव्हात. मला चमचाभर दिले आणि मी पिंडाचा भात आठवत उभी राहिले. तिकडे ग्रीसमधे तर साधारण तीन वर्षांनी कबर उघडून अस्थी बाहेर काढतात, वाइनने धुतात आणि पेटीत ठेवतात. जागा कमी म्हणूनही, पण धुतात ते घरच्या बायका, हाताने, रडत. मला अस्थी सावडणंच आठवलं, फक्त आपण तिसऱ्या दिवशी सावडतो.

रंकाळा

पाश्चात्य म्हणजे दफन हे आपलं गृहीत असतं म्हणून एक सांगतो. आमचे कोल्हापूरचे राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावरून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समधे वारले, जेमतेम वीस वर्षांचे. तेव्हा तिथे दहनाची परवानगीच नव्हती. बरोबरच्या मंडळींनी खास परवानगी मिळवली आणि आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर रातोरात चिता रचली, बघायला शहर लोटलं. त्यानंतर सहा वर्षांनी मिलानला दाहगृह झालं, १८८५ ला इंग्लंडमधे वोकिंगला पहिलं अधिकृत दहन झालं, आणि कॅथलिक चर्चने दहनाला परवानगी दिली ती १९६३ ला. म्हणजे दीडशे वर्षांत त्यांचं इतकं बदललंय.

मी चार वर्षांपूर्वी गेलो होतो तिथे. कॅशिने नावाच्या मोठ्या बागेच्या अगदी टोकाला स्मारकाची छत्री आहे, आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, फेटा बांधलेला. शेजारच्या पुलाला तिथले लोक पोन्ते अल्लिंदियानो म्हणतात, भारतीयाचा पूल. एक म्हातारे गृहस्थ कुत्रं घेऊन फिरत होते, त्यांनी मला बघितलं आणि काही न विचारता टोपी काढली. मी पायातले बूट काढून उभा राहिलो. परक्या मुलखात संगम शोधून आपल्या माणसाला निरोप देणाऱ्या त्या मंडळींचा विचार केला की अजून पोटात कालवतं.

वसईवाली

पाश्चात्य पाश्चात्य म्हणताय पण आमच्या वसईत दोन नोव्हेंबरला या की. दफनभूमीत प्रत्येक कबरीवर फुलं आणि मेणबत्त्या, अख्खी आळी तिथे, पोरं मेण गोळा करतात. आम्ही प्रार्थना मराठीत म्हणतो. हे आमचंच आहे.

सांगलीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. सोअरकाठ ताई, तुमचं वाचून मी लगेच उठले आणि खाली गेले.

मुगाची खिचडी नेली होती, मऊ, तिखट न घालता. बेल वाजवली, ते दोन शब्द म्हटले, उच्चार चुकला बहुतेक. आजींनी आत घेतलं. टेबलावर जाहिरातीचा कागद होता, त्यावर कुठलं चित्र घालायचं ते ठरत नव्हतं, होडी सुचवली होती मुलाने (तो नॉर्वेत असतो, पुढच्या आठवड्यात येतोय) पण आजी म्हणाल्या की त्याला पाण्याची भीती वाटायची, होडी कशी घालू. मग आजोबांचं बोलत बसल्या, चांगला तासभर. रडल्या नाहीत. मी रडले, बाबांचं सांगताना, आणि त्यांनी माझा हात धरून ठेवला. मी गेले होते त्यांना भेटायला आणि झालं हे असं.

मी कंपनीला फोन करून कळवलं. त्यांनी कॉफीबरोबर काय खाता विचारलं, शाकाहारी लिहून घेतलं, आजींबरोबर कुठल्या रांगेत बसणार तेही. आजींनी पुढच्या रांगेत बस म्हणून सांगितलंय.

उत्तरेकडचा दादा, एकच विचारायचंय. आजोबांनी बाल्कनीत टोमॅटोच्या कुंड्यांत झेंडू लावलाय, अजून फुलतोय. हातातलं फूल म्हणून सगळे गुलाब आणतील. मी त्यातलाच झेंडू नेला तर चालेल का?

उत्तरेकडचा

चालेल. आजींना आधी विचार आणि त्यांच्यासाठीही एक तोड. देठ जरा लांब ठेव, पेटीवर नीट राहायला हवा.